फूल, फळ आणि पाणी : लोकक्रांतीच्या प्रतीकांचा महाडच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

जनतेच्या उठावांना फुलांची नावे देण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती अधिकच दृढ झाली. हंगेरीतील १९१८ ची अ‍ॅस्टर क्रांती, पोर्तुगालमधील १९७४ ची कार्नेशन क्रांती, जॉर्जियातील २००३ ची गुलाब क्रांती, किरगिझस्तानातील २००५ ची ट्यूलिप क्रांती आणि ट्युनिशियातील २०१०-११ ची जास्मिन क्रांती ही त्याची ठळक उदाहरणे होत. आपल्याकडे १८५७ च्या उठावाशी रक्तकमळ आणि चपाती यांची जोडी कायमची निगडित झाली आहे. शालेय पुस्तकांपासून वक्तृत्व स्पर्धांपर्यंत हा उल्लेख इतक्या सहजतेने येतो की त्यामागील पुरावा तपासण्याची गरजच कोणास वाटत नाही.

प्रस्तुत निबंधाचा हेतू या प्रतीकांची यादी वाढविणे हा नाही. एखादे फूल, फळ किंवा नित्य व्यवहारातील वस्तू लोकक्रांतीचे प्रतीक झाली असे इतिहासकाराने केव्हा म्हणावे, हा येथील मुख्य प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागाकडे, विशेषतः महाडकडे पाहणे उपयुक्त ठरते. वरंध घाटापासून महाडपर्यंतच्या खोऱ्यात फाल्गुनात पळस आणि पांगारा फुलतो, मोहाची फुले गळू लागतात आणि त्यामागोमाग करवंदे, जांभळे, फणस असा रानमेवा येतो. नेमक्या याच दिवसांत, २० मार्च १९२७ रोजी, महाड येथे आधुनिक भारतातील एका मोठ्या सामाजिक क्रांतीचा प्रारंभ झाला. मात्र तिचे प्रतीक यांपैकी कोणतेही फूल वा फळ झाले नाही. ते पाणी झाले. असे का घडले याचा विचार केल्यास फुलांच्या क्रांतींकडे पाहण्याची एक कसोटीही हाती लागते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

प्रतीक आणि नाव यांतील भेद

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. क्रांतीचे प्रतीक ही एक गोष्ट आणि क्रांतीला मिळालेले नाव ही दुसरी गोष्ट होय. प्रतीक प्रत्यक्ष घटनेत लोकांच्या हाती असते. नाव पुष्कळदा घटनेनंतर आणि पुष्कळदा बाहेरच्यांकडून दिले जाते.

किरगिझस्तानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २४ मार्च २००५ रोजी तेथील अध्यक्ष अस्कर अकायेव यांना राजधानी सोडून पळ काढावा लागला. या उठावाला कोणते नाव द्यावे याविषयी वृत्तपत्रांत एकमत नव्हते. कोणी त्यास गुलाबी क्रांती म्हटले, तर कोणी लिंबू क्रांती. अखेर ट्यूलिप हे नाव रूढ झाले. विशेष म्हणजे आपल्या देशात अशी रंगीत क्रांती होता कामा नये, असा इशारा देताना हा शब्दप्रयोग स्वतः अकायेव यांनीच केला होता. ज्या फुलाचे नाव क्रांतीला मिळाले त्याचा उच्चार प्रथम सत्ताधीशाने करावा, यावरून नाव आणि प्रतीक यांतील अंतर ध्यानात येते.

ट्युनिशियाचे उदाहरण त्याहून गंभीर आहे. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझीद या गावी मोहम्मद बुआझिझी नावाच्या तरुण विक्रेत्याची फळे-भाजी आणि तराजू पालिकेच्या लोकांनी जप्त केला. दाद मिळत नाही असे पाहून त्याने स्वतःला पेटवून घेतले. ४ जानेवारी २०११ रोजी त्याचा मृत्यू झाला आणि १४ जानेवारीस अध्यक्ष बेन अली देश सोडून गेले. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी यास जास्मिन क्रांती म्हटले. परंतु ट्युनिशियातील अनेकांना हे नाव रुचले नाही. एक तर १९८७ साली स्वतः बेन अली सत्तेवर आले तेव्हाही हेच नाव वापरले गेले होते. दुसरे असे की, लोकांच्या दृष्टीने ही प्रतिष्ठेची क्रांती होती, आणि हेच नाव त्यांनी पसंत केले. ज्या हातगाडीपासून सारे सुरू झाले ती फळांची होती. नाव मात्र त्या गाडीवर नसलेल्या फुलाचे मिळाले. फळ हे येथे अलंकार नव्हते, ते एका कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचे साधन होते. नाव देणाऱ्यांना या साधनापेक्षा सुगंध अधिक आकर्षक वाटला, असेच म्हणावे लागते.

हातातून हातात जाणारे फूल : लिस्बन आणि गोवा

याउलट पोर्तुगालमध्ये नाव आणि प्रतीक यांचा मेळ बसलेला दिसतो. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगीज सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही उलथून टाकली. या अधिकाऱ्यांच्या आराखड्यात फुलांना कोणतेही स्थान नव्हते. त्यांनी उठावाचा संकेत म्हणून रेडिओवरील गाण्यांची निवड केली होती. लिस्बनमधील एका उपाहारगृहात त्या दिवशी पहिला वर्धापनदिन असल्याने कार्नेशनची फुले आणलेली होती. उठावामुळे उपाहारगृह उघडले नाही आणि मालकाने ती फुले कामगारांना घरी नेण्यास दिली. सेलेस्ते कायेरो या तेथील कामगार स्त्रीकडे रस्त्यावरील एका सैनिकाने सिगारेट मागितली. ती नसल्याने तिने त्यास फूल दिले आणि सैनिकाने ते बंदुकीच्या नळीत खोवले. पाहता पाहता इतरांनीही तसेच केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कायेरो यांचे निधन झाले तेव्हा जगभर या प्रसंगाचे स्मरण केले गेले.

मराठी वाचकास हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. याच राजवटीने गोवा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांना तुरुंगात डांबले होते. मोहन रानडे यांना तर पोर्तुगालमधील काशियास येथील किल्ल्यात ठेवण्यात आले होते व १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला तरी पोर्तुगालच्या जुन्या राजवटीने ही वस्तुस्थिती कधीही मान्य केली नाही. कार्नेशन क्रांतीनंतर आलेल्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. लिस्बनच्या रस्त्यावर बंदुकीत खोवलेल्या फुलाचा धागा अशा रीतीने मांडवीच्या तीरापर्यंत येऊन पोहोचतो.

या उदाहरणात तीन गोष्टी लक्षणीय आहेत. फूल साध्या माणसाच्या हाती होते. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले. आणि ज्या शस्त्राने भय दाखवायचे त्या शस्त्राच्या तोंडीच ते बसले. हंगेरीतही ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस सैनिकांनी टोपीवरील राजचिन्ह काढून त्या जागी अ‍ॅस्टरची फुले लावली होती. म्हणजे प्रतीक हे नुसते धारण केले जात नाही, ते कशाच्या तरी जागी येते, कशाला तरी बाजूस सारते.

वरून खाली आलेले फळ : चीनमधील आंबा

प्रतीक लोकांमधून न येता वरून लादले गेले तर काय होते, याचे उदाहरण चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत आढळते. ऑगस्ट १९६८ मध्ये पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माओ यांना आंबे भेट दिले. ते माओ यांनी स्वतः न खाता पेकिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात पाठविलेल्या कामगार पथकास दिले. तोवर उत्तर चीनमधील बहुसंख्य लोकांनी आंबा पाहिलेलाही नव्हता. पुढे कारखान्यांतून या आंब्यांची मेणाची प्रतिरूपे तयार झाली, ती काचेच्या पेटीत ठेवली गेली, आणि मिरवणुका निघाल्या. नेत्याने कामगारांवर दाखविलेल्या कृपेची ती खूण मानली गेली. मात्र हा आंबा फार काळ टिकला नाही. वर्ष-दीड वर्षात त्याचे तेज ओसरले.

कोकणातील वाचकास या प्रसंगाचे विशेष वाटेल. आपल्याकडे आंबा दाराच्या तोरणात, कलशावर आणि ताटात असतो. त्याची थोरवी सांगण्यास कोणा नेत्याची आवश्यकता पडत नाही. चीनमधील आंबा अपरिचित होता म्हणूनच त्यावर कोणताही अर्थ लादता आला. लोकक्रांतीचे प्रतीक याच्या नेमके उलट असते. ते परिचित, स्वस्त आणि नित्याचे असावे लागते. त्याचा अर्थ लोक आपल्या अनुभवातून जाणतात.

१८५७ : चपाती आणि कमळ

या पार्श्वभूमीवर १८५७ च्या जोडीकडे वळता येईल. रायगड जिल्ह्याचा या उठावाशी असलेला संबंध सर्वपरिचित आहे. नानासाहेब पेशवे यांचा जन्म कर्जतजवळील वेणगावचा. ‘माझा प्रवास’चे लेखक विष्णुभट गोडसे पेणजवळील वरसईचे. बायजाबाई शिंदे यांनी मथुरेस योजलेल्या यज्ञासाठी विष्णुभट १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि वाटेतच उठावाच्या वावटळीत सापडले. त्यांचा हा वृत्तान्त १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केला.

ज्या मथुरेस विष्णुभटांना जायचे होते त्याच मथुरेचे मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल यांना १८५७ च्या आरंभी कचेरीतील आपल्या टेबलावर चार जाडसर चपात्या ठेवलेल्या आढळल्या. चौकशी करता गावोगावचे चौकीदार त्या पुढच्या गावी पोहोचवीत असल्याचे कळले. उत्तर हिंदुस्थानातील अनेक जिल्ह्यांतून अशाच नोंदी मिळतात. १८५८ मध्ये बहादुरशहा जफर यांच्यावर चाललेल्या खटल्यातही साक्षीदारांना चपात्यांविषयी विचारण्यात आले. तात्पर्य, चपात्या फिरल्या याविषयी समकालीन पुरावा भरपूर आहे.

त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र वेगळा. निमाडमधील इंग्रज अधिकारी कीटिंग यांच्या माहितीनुसार चपात्या इंदूरच्या बाजूने आल्या आणि तेथे त्या वेळी पटकीची साथ होती. रोगराई गावाबाहेर घालविण्यासाठी एखादी वस्तू पुढच्या गावी ढकलण्याची चाल आपल्याकडील खेड्यांतही अपरिचित नाही. रणजित गुहा यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात या चपात्यांचा विचार करताना दाखविले की, मूळ हेतू काहीही असो, अस्वस्थ काळात ही फिरती वस्तू अफवेचे वाहन बनली आणि तिला नवा अर्थ प्राप्त झाला. किम वॅगनर यांनीही २०१० च्या ग्रंथात इंग्रजांच्या भयाने या चपात्यांस कटाचे रूप कसे दिले याची चिकित्सा केली आहे.

कमळाची कथा निराळी आहे. लष्करी छावण्यांतून एकेका शिपायाच्या हातून कमळ फिरले, असा उल्लेख ब्रिटिश संसदेत २७ जुलै १८५७ रोजी डिझरायली यांनी केला. सरकारच्या धोरणावर टीका करणारे ते विरोधी पक्षाचे भाषण होते. पुढे १९०९ साली इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या वि. दा. सावरकर यांच्या १८५७ वरील ग्रंथाने रक्तकमळाचे चित्र भारतीय वाचकांच्या मनावर ठसविले. या कथेमागे चपात्यांइतका समकालीन प्रशासकीय पुरावा उभा नाही. शिवाय तोडलेले कमळ फार तर दोन दिवस टिकते, आणि थंडीच्या दिवसांत उत्तरेकडे कमळाचा बहरही नसतो. पलटणीमागून पलटण हिंडणारे कमळ हे प्रतीक म्हणून जितके सुंदर तितके व्यवहारात कठीण आहे. १९५७ च्या शताब्दीनिमित्त लिहिलेल्या ग्रंथांत सुरेंद्रनाथ सेन व र. चं. मजुमदार या दोघांनीही पूर्वनियोजित देशव्यापी कटाची कल्पना स्वीकारली नाही, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

याचा अर्थ कमळाची कथा टाकाऊ आहे असा नाही. ती १८५७ चा पुरावा नसली तरी १९०९ चा पुरावा निश्चित आहे. पराभूत उठावाकडे अभिमानाने पाहू इच्छिणाऱ्या पिढीला त्याच्या पोटात एक सूत्रबद्ध संकेत असावा असे वाटले, ही बाब स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी आहे. मात्र वर्गात शिकविताना चपाती आणि कमळ यांना एकाच पुराव्याच्या पातळीवर ठेवणे योग्य नव्हे.

कसोटी : प्रतिपक्षाने काय केले?

वरील उदाहरणांवरून एक कसोटी मांडता येते. एखादी वस्तू क्रांतीचे प्रतीक झाली किंवा नाही, हे तिची स्तुती करणाऱ्यांच्या लेखनावरून ठरविण्याऐवजी तिच्याविरुद्ध काय केले गेले यावरून ठरवावे. चपात्यांची चौकशी झाली, न्यायालयात प्रश्न विचारले गेले. फेब्रुवारी २०११ नंतर चीनमध्ये जास्मिन या शब्दाचा संगणकीय शोध रोखला गेला आणि काही बाजारांत त्या फुलांच्या विक्रीवरही निर्बंध आले. जन्मभूमीत ज्या नावास फारशी मान्यता नव्हती, त्यास परक्या देशातील सत्तेच्या धास्तीने वजन दिले. १८५७ च्या कमळाविरुद्ध मात्र सत्तेने काही केल्याचे चित्र उभे राहत नाही.

ही कसोटी कुलाबा जिल्ह्यास लावली असता एक वेगळेच फूल समोर येते. ते मोहाचे होय. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची दारू गाळण्याची जुनी पद्धत मोडून ती मक्त्याच्या भट्ट्यांकडे नेली. त्यानंतर १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर व त्यांच्या व्यवहारावर निर्बंध आणले. कातकरी, ठाकूर आदी आदिवासींच्या दृष्टीने मोह हे केवळ दारूचे साधन नव्हते. ते उपासमारीच्या दिवसांतील अन्न होते, देवकार्यातील द्रव्य होते. रानात आपोआप गळणाऱ्या फुलाला सरकारी महसुलाचा शत्रू ठरविले गेले. या फुलाच्या नावाने कोणतीही क्रांती ओळखली जात नाही. परंतु एखाद्या फुलाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागतो, यातच त्याची ताकद दिसते. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी याच जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. जंगलावरील हक्काचा जो प्रश्न मोहाच्या फुलापाशी उभा राहिला होता तोच तेथे लाकडाच्या रूपाने पुन्हा समोर आला.

अर्थात या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. सत्ताधीशांची भीती अतिरेकी असू शकते. चपात्यांच्या बाबतीत तसे घडले असण्याचा संभव आहे. प्रतिपक्षाच्या कृतीवरून प्रतीकाचा परिणाम कळतो, ते धारण करणाऱ्यांचा हेतू कळत नाही. म्हणून दुसरा पुरावा, म्हणजे स्वतः लोकांनी त्या वस्तूविषयी काय म्हटले याचा पुरावा, सोबत असणे आवश्यक ठरते. दोन्ही पुरावे एकत्र मिळण्याचे भाग्य फार थोड्या घटनांना लाभते. महाड ही त्यांपैकी एक होय.

महाड : पाणी हे प्रतीक

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपली तळी खुली केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारक नगरपालिकेत होते. ठराव कागदावर होता, पाणी मात्र तळ्यातच राहिले. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे भरली, तिच्या उभारणीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता. परिषदेस आलेल्यांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चार पावलांवर तळे असताना पाणी विकत घ्यावे लागणे, या एका गोष्टीत साऱ्या प्रश्नाचे स्वरूप सामावलेले आहे.

२० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि प्रतिनिधींवर हल्ला झाला. पुढे एकशे आठ घागरींतून दही, दूध, शेण व गोमूत्र तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा होणार असे दिसताच विरोधकांनी तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा लावला व १४ डिसेंबरला मनाईहुकूम मिळविला. हा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

वर मांडलेली कसोटी येथे पूर्णपणे लागू होते. ओंजळभर पाण्याविरुद्ध लाठ्या चालल्या, एकशे आठ घागरी रिकाम्या झाल्या, ठराव रद्द झाला आणि दशकभर खटला चालला. पाण्याचे मोल किती होते हे प्रतिपक्षानेच लिहून ठेवले आहे. दुसऱ्या बाजूस, ३ एप्रिल १९२७ पासून सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातून सत्याग्रहींची बाजू त्यांच्याच शब्दांत उपलब्ध आहे. तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही, तर आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जावयाचे आहे, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी डिसेंबरच्या परिषदेत निःसंदिग्धपणे मांडली. म्हणजे प्रतीक धारण करणाऱ्यांनी त्याचा अर्थ स्वतः सांगितला. नाव देण्यासाठी बाहेरचा वार्ताहर लागला नाही.

याच भाषणात डॉ. आंबेडकरांनी महाडच्या परिषदेची तुलना १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली, हे विशेष महत्त्वाचे आहे. त्या क्रांतीच्या आरंभीही एक वनस्पतिजन्य प्रतीक आढळते. १२ जुलै १७८९ रोजी पॅरिसमध्ये कामी देमुलाँ याने लोकांना शस्त्र धरण्याचे आवाहन करताना झाडाचे हिरवे पान टोपीत खोवले आणि जमावाने त्याचे अनुकरण केले. परंतु हिरवा हा राजाच्या धाकट्या भावाचा रंग असल्याचे ध्यानी येताच ते पान गळून पडले व तिरंगी फीत आली. प्रतीक निवडताना ते कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्न किती निर्णायक ठरतो, हे यावरून दिसते. महाडला नेमका हाच प्रश्न होता. तळे कोणाचे, पाणी कोणाचे, हाच वाद होता. त्यामुळे येथे प्रतीक आणि मागणी वेगळी राहिली नाहीत.

फुलांच्या प्रतीकात ही एकरूपता नसते. लिस्बनच्या लोकांना कार्नेशन नको होते, स्वातंत्र्य हवे होते. फुलाने ते सुचविले. महाडच्या लोकांना मात्र पाणी हवे होते आणि पाण्याच्या द्वारे माणुसकी हवी होती. म्हणूनच कोकणातील वसंताचे कोणतेही फूल येथे प्रतीक होऊ शकले नसते. शिवाय आपल्या समाजव्यवस्थेत फूलही निष्पाप नव्हते. ते देवाच्या पायी जाते, आणि देवळाची दारे ज्यांना बंद होती त्यांच्या दृष्टीने फुलाचा मार्गही बंदच होता.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे घराण्यास फुले हे नाव पडले. महाराष्ट्रातील सामाजिक क्रांतीच्या प्रवर्तकाच्या नावात फूल आहे खरे. परंतु ते प्रतीक म्हणून आलेले नाही, श्रम म्हणून आलेले आहे. फुले वेचणाऱ्या, हार गुंफणाऱ्या हातांचा तो व्यवसाय होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना करणाऱ्या या पुरुषास डॉ. आंबेडकरांनी आपल्या गुरूंमध्ये स्थान दिले व १९४६ चा आपला शूद्रांविषयीचा ग्रंथ अर्पण केला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. क्रांतीला मिळालेले फुलाचे नाव आणि क्रांतीत वापरले गेलेले प्रतीक या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासल्या पाहिजेत. नाव पुष्कळदा बाहेरचे असते व त्यामुळे मूळ वेदना झाकली जाण्याचा धोका असतो. ट्युनिशियातील फळांची हातगाडी हे त्याचे उदाहरण होय.

२. परिचित, स्वस्त आणि हातातून हातात जाणारी वस्तूच लोकांचे प्रतीक होते. वरून दिलेले प्रतीक सत्तेच्या मर्जीइतकेच टिकते.

३. प्रतीकाच्या सामर्थ्याचा पुरावा प्रतिपक्षाच्या कृतीत आणि त्याच्या अर्थाचा पुरावा धारण करणाऱ्यांच्या शब्दांत शोधावा. १८५७ च्या चपात्यांना पहिला पुरावा लाभला आहे, कमळाला दोन्हीही पुरेसे लाभलेले नाहीत. महाडच्या पाण्याला दोन्ही लाभले आहेत.

४. कुलाबा जिल्ह्यातील मोहाच्या फुलाचा इतिहास लोकक्रांतीच्या प्रतीकांच्या चर्चेत समाविष्ट होणे आवश्यक आहे.

यातून अध्यापकांवर एक जबाबदारी येते. आनंद तेलतुंबडे यांच्या २०१६ च्या ग्रंथासारखे महाडवरील विस्तृत लेखन आज उपलब्ध असले तरी वरंध, बिरवाडी, दासगाव, पोलादपूर या बाजूंच्या गावांतून परिषदेस कोण गेले, कोणत्या वाटेने गेले, परतल्यावर गावात त्यांचे काय झाले, याच्या आठवणी घराघरांत आहेत आणि पिढीगणिक विरत आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून व पदवीच्या प्रकल्पांतून त्या गावनिहाय नोंदविता येतील. रानातून मोह गोळा करणाऱ्या वाड्यांवरील वृद्धांच्या आठवणींचेही असेच संकलन झाले पाहिजे. दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला दूरदूरची माणसे चवदार तळ्यावर येतात व पुष्पहार अर्पण करतात. त्या फुलांइतकीच गरज ज्या ओंजळींनी १९२७ साली पाणी उचलले त्या ओंजळी कोणाच्या होत्या हे नावानिशी लिहून ठेवण्याची आहे. हे काम महाडच्या परिसरातील महाविद्यालयांनी केले नाही तर ते अन्य कोणी करण्याचा संभव फार थोडा आहे.